संक्रांतीसाठी रद्दीची सुगडं आणि गोंड्यांचं तोरण : पहिली ते चौथीच्या वर्गाकडून करवून घेण्याचा क्रम

डिसेंबर उजाडला की ‘टाकाऊतून टिकाऊ’चा तास ठरतो, मुलं पिशव्या भरभरून सामान आणतात, आणि संक्रांतीच्या आदल्या दिवशी निम्मं काम ओलंच असतं. कागदाच्या वाट्यांना आतून बुरशी धरते, मणी उलगडतात, गोंडे हातात गळतात. मग उरलेलं काम मुलांच्या आया रात्री बसून पुरं करतात. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी भागातल्या शाळांत दरवर्षी हेच होतं, आणि बहुतेक वेळा चूक क्रमाची असते. वाळायला लागणारा वेळ कुणी धरलेलाच नसतो.

म्हणून इथे सगळा क्रम वाळण्याभोवती लावला आहे. सुगडं आधी सुरू करायची, ती वाळेपर्यंत मणी आणि गोंडे करायचे, तोरण शेवटी. कापसाचा बर्फ आणि बर्फाचा माणूस मुद्दाम घेतलेला नाही. आपल्या मुलांचा हिवाळा धुक्याचा, ऊसतोडीचा आणि भोगीच्या भाकरीचा आहे, त्यामुळे कामही त्यातलंच हवं.

पुढची मापं 24 मुलांच्या वर्गाची आहेत. नली-कलीसारखा (कर्नाटकातल्या सरकारी शाळांत वेगवेगळ्या इयत्तांना एकत्र बसवून कृतीतून शिकवण्याची पद्धत) एकत्र वर्ग असेल तर पहिलीला कागद फाडणं आणि मणी वळणं द्या, दुसरीला कागद चिकटवणं, आणि तिसरी-चौथीला कात्रीचं काम.

पूर्वतयारी : दिवस उलटे मोजा

संक्रांत 14 किंवा 15 जानेवारीला येते. सुगडाला कागद फाडण्यापासून रंगापर्यंत शाळेचे नऊ दिवस लागतात. मध्ये एक रविवार धरला तर 2 किंवा 3 जानेवारीला पहिला थर बसलाच पाहिजे. सामान मात्र डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यापासून गोळा करा.

खानापूरच्या पश्चिमेला, जांबोटी-कणकुंबीकडे, सकाळी धुकं आणि दव जास्त असतं. तिथे वाळायला दीड-दोन दिवस जादा धरा. अथणी-चिकोडीकडची हवा कोरडी असते, तिथे घाई न करताही नऊ दिवस पुरतात.

टप्पा 1 : काय मागवायचं

मुलांना ‘टाकाऊ वस्तू आणा’ एवढंच सांगू नका. तसं सांगितलं की औषधाच्या बाटल्यांपासून फुटक्या ट्यूबलाइटपर्यंत काहीही येतं. कागदावर यादी लिहून द्या:

- वर्तमानपत्राची 15 पानं आणि जुन्या वह्यांची 50 पानं (पूर्ण वर्गासाठी)
- सरत्या वर्षाची कॅलेंडरं, 8 ते 10. ही 31 डिसेंबरनंतर भरपूर मिळतात
- जुन्या लग्नपत्रिका किंवा साडीचे पातळ पुठ्ठ्याचे बॉक्स
- बॉलपेनच्या रिकाम्या, कोरड्या रिफिली
- उसवलेल्या स्वेटरची लोकर किंवा मागावरचं उरलेलं सूत
- प्रत्येकाकडून एक स्टीलची वाटी, चार दिवसांसाठी

शाळा बेळगावच्या शहापूर, वडगाव, खासबाग भागात असेल तर यंत्रमागावरचं तुटकं सूत सहज मिळेल. घेताना बोटांनी चोळून पाहा. तेलकट लागलं तर परत करा, कारण तेलाचे डाग धुऊन जात नाहीत आणि मुलांच्या गणवेशाला लागतात. जरीचा धागाही नको, तो ताठ असतो आणि बोटाला टोचतो.

वाटीबद्दल जरा नेमकं सांगावं लागतं. तोंडाशी साधारण 10 सेंटिमीटर रुंद, 5 सेंटिमीटर खोल आणि तळाकडे निमुळती होत जाणारी वाटी हवी. पोट फुगीर आणि तोंड आवळलेलं असेल तर वाळलेला कागद त्यातून सुटतच नाही. आणि दोन मुलांच्या जोडीकडे एकाच मापाच्या दोन वाट्या हव्यात, कारण पुढे दोन वाट्यांची तोंडं जोडून एक सुगड होणार आहे.

*तपासणी :* जोडीच्या दोन्ही वाट्या तोंडाला तोंड लावून धरा. कडेला फट दिसली किंवा एक दुसरीत शिरली तर जोडी बदला. वाटीच्या तळाला चिकटपट्टी लावून मुलाचं नाव लिहा.

टप्पा 2 : निवड आणि नकार

हा टप्पा बहुतेक जण गाळतात. आलेलं सामान थेट मुलांच्या हाती देऊ नका, आधी मोठ्यांनी निवडा.

खताची आणि कीटकनाशकाची पोती, डबे, पिशव्या कितीही धुतल्या तरी नकोत. निपाणी भागात तंबाखूची पोती आणि बारदान घरोघरी असतं, तेही नको. तंबाखूतलं निकोटिन ओल्या हाताला कातडीतून बाधतं, आणि आपलं सगळं काम ओल्या हातांनीच चालणार आहे. गोळ्यांची रिकामी पाकिटं कापली की कडा पात्यासारख्या होतात. ती बाजूला काढा. थर्मोकोलही नको.

नाकारलेलं सामान मुलं उचलून नेतात, याकडे लक्ष ठेवा. बेळगावात 31 डिसेंबरच्या रात्री ‘ओल्ड मॅन’ (सरत्या वर्षाचा पुतळा) जाळतात आणि त्याच्या पोटात भरायला गल्लीतली मुलं काहीही शोधत असतात. शाळेतला थर्मोकोल आणि प्लास्टिक त्यात गेलं तर त्याचा विषारी धूर तीच मुलं समोर उभी राहून हुंगतात. नाकारलेल्या सामानाचं पोतं बांधा आणि थेट कचरागाडीत द्या.

टप्पा 3 : खळ शिजवणे

फेव्हिकॉलने काम होतं, पण 24 मुलांना तो महाग पडतो आणि बोटांवर सालपटं धरतो. मैद्याची खळ उत्तम. एका दिवसाच्या थरांना पुरेल एवढं माप असं:

मैदा 1 वाटी, गार पाणी 1 वाटी, उकळतं पाणी 4 वाट्या, मीठ 1 सपाट चहाचा चमचा.

1. मैद्यात गार पाणी थोडं थोडं घालत गुठळ्या मोडा. इथे राहिलेली गुठळी पुढे शिजताना मोडत नाही.
2. पातेल्यातलं पाणी खळखळून उकळलं की आच बारीक करा आणि मैद्याचं पाणी बारीक धारेने ओता. दुसऱ्या हाताने सतत ढवळा.
3. तीन-चार मिनिटं शिजवा. पांढरा दुधाळ रंग जाऊन खळ किंचित पारदर्शक दिसली, की मीठ घालून उतरवा.
4. कोमट झाल्यावरच वर्गात न्या.

न शिजलेल्या मैद्याची खळ चिकटते, पण वाळल्यावर भुकटी होऊन थर सुटतात. ‘शिजवली कशाला, कालवली तरी चालते’ असं म्हणून गॅस वाचवला की दुसऱ्या आठवड्यात वाटी सोललेल्या कांद्यासारखी उलगडते.

मीठ चमचाभरच. जास्त मीठ हवेतला ओलावा ओढतं आणि वाटी कायम दमट राहते.

*सावधान :* कीड लागू नये म्हणून बाइंडिंगवाले खळीत मोरचूद घालतात. लहान मुलांच्या कामात मोरचुदाचा कणही नको, ते विष आहे. खळ रोज ताजी करा, उरलेली टाका.

शाळेत मध्यान्ह आहाराचं स्वयंपाकघर असेल तर तिथल्या ताईंना आधी विचारून, जेवणाचं काम आटोपल्यावर दुसऱ्या दिवसाची खळ शिजवून ठेवता येते. पातेलं मात्र वेगळं, घरून आणलेलं. थंडीत झाकून ठेवलेली खळ सकाळपर्यंत टिकते.

टप्पा 4 : पहिला दिवस, तीन थर

कागद कापायचा नाही, फाडायचा. कात्रीने कापलेल्या तुकड्याची कड सरळ आणि जाड राहते, तिची रेघ शेवटच्या रंगातूनही दिसते. फाडलेल्या कडेचे तंतू मोकळे होतात आणि शेजारच्या तुकड्यात मिसळतात. वर्तमानपत्र एका दिशेने सरळ फाटतं, आडवं फाडलं की वेडंवाकडं जातं. मुलांना दोन्हीकडून फाडून पाहू द्या, सरळ दिशा त्यांना दोन मिनिटांत सापडते. आधी लांब पट्ट्या, मग पट्ट्यांचे दोन बोटं रुंदीचे तुकडे. पानं गुळगुळीत आणि चकचकीत नकोत, ती खळ पीत नाहीत.

1. वाटी बाकावर पालथी घाला. बाहेरून तेलाचा पुसट हात फिरवा. शेंगतेल घ्या. खोबरेल थंडीत गोठतं आणि गोळे गोळे लागतं.
2. पहिला थर वर्तमानपत्राचा, फक्त पाण्यात बुडवून. इथे खळ लावली की कागद वाटीलाच चिकटून बसतो. हीच चूक सगळ्यात जास्त होते.
3. दुसरा थर वहीच्या कागदाचा, खळ लावून. प्रत्येक तुकडा शेजारच्या तुकड्यावर एक बोटभर चढला पाहिजे.
4. तिसरा थर पुन्हा वर्तमानपत्राचा, खळ लावून.

थर आलटून पालटून घेण्याचं कारण सोपं आहे. वहीचा थर पुरा झाला की खालची छपाई कुठेच दिसत नाही. पहिलीतलं मूलही ‘इथे राहिलंय’ म्हणून बोट ठेवतं, बाईंना 24 वाट्या तपासाव्या लागत नाहीत.

खळ तुकड्यावर बोटाने लावायची. मुलं अख्खा तुकडा भांड्यात बुडवतात आणि निथळत तसाच चिकटवतात. मग वाटीच्या कडेला खळीचं थारोळं साचतं, ते वरून वाळतं आणि आतून आठवडाभर ओलं राहतं. प्रत्येक तुकडा लावल्यावर मधून कडेकडे अंगठा फिरवून हवा आणि जादा खळ बाहेर काढायला लावा.

*सावधान :* एका दिवसात तीनपेक्षा जास्त थर नाहीत. ‘आज होऊन जाऊ दे’ म्हणून सहा थर चढवले की आतला ओलावा कोंडतो आणि चौथ्या दिवशी काळे ठिपके येतात. बुरशी धरलेली वाटी पुसून, रंगवून वाचवू नका, टाकून द्या.

वाट्या सकाळच्या पहिल्या तासाला केल्या तर चार वाजेपर्यंतचं ऊन मिळतं. चार वाजता सगळ्या आत घ्या. व्हरांड्यात राहिलेली वाटी रात्रीच्या दवात भिजते आणि दिवसभराचं ऊन फुकट जातं.

टप्पा 5 : दुसरा दिवस, आणखी तीन थर

पहिले थर हाताला कोरडे लागत असतील तरच पुढे जा. तसे नसतील तर तो दिवस उन्हाला द्या आणि टप्पा 8 चे मणी सुरू करा.

आज वही, वर्तमानपत्र, वही असा क्रम, तिन्ही थर खळीचे. शेवटचा थर पांढऱ्या कागदाचा आला की रंग उठून दिसतो. तिसरा दिवस पूर्ण वाळण्यासाठी.

टप्पा 6 : सोडवणे, कड कापणे, जोडणे (तिसरी-चौथी)

*तपासणी :* वाटी गालाला लावून पाहा. गार लागली म्हणजे आत पाणी आहे. कोरडा कागद गार लागत नाही. हाताच्या तळव्यापेक्षा गालाला हे चटकन कळतं.

1. वाटी पालथीच ठेवा. शेजारी 1 सेंटिमीटर जाडीचं पुस्तक ठेवून त्यावर पेन्सिल आडवी दाबून धरा आणि वाटी जागच्या जागी फिरवा. सगळीकडून सारख्या उंचीची रेघ येते. हे काम वाटी आत असतानाच करायचं. सोडवल्यावर कागद वाकतो आणि रेघ सरळ येत नाही.
2. कडेखाली पट्टीचं टोक घालून गोल फिरवा, मग स्टीलची वाटी हलकेच फिरवत काढा. आतली बाजू दमट असते. कागदी वाट्या एक दिवस सावलीत उताण्या ठेवा. सोडवल्याबरोबर कडक उन्हात ठेवल्या तर वेड्यावाकड्या होतात.
3. रेघेवर कापा.

पहिली-दुसरीच्या मुलांनी इथेच थांबावं. काठावर बोटभर रुंद पट्ट्या आत-बाहेर दुमडून चिकटवल्या की तिळगुळाची छान वाटी होते. त्यांच्याकडून सुगडाचा हट्ट धरू नये, जोडकाम त्या बोटांना झेपत नाही आणि मग ते मोठ्यांचंच काम होतं.

तिसरी-चौथीच्या जोड्यांसाठी पुढे:

4. एका कागदी वाटीच्या तळावर मोठी बांगडी ठेवून गोल आखा. हे साधारण 6 सेंटिमीटरचं भोक शिक्षकांनी कापून द्यावं, कारण जाड कागदात कात्रीचं टोक घसरतं.
5. दोन्ही वाट्या तोंडाला तोंड लावा. 2 बाय 5 सेंटिमीटरच्या पट्ट्या जोडावर उभ्या लावा. आधी चार दिशांना चार, मग त्यांच्या मध्ये चार. घट्ट बसल्यावर उरलेली जागा भरा. शेवटी जोडाच्या रेघेवर आडव्या पट्ट्यांचा एक थर. नुसत्या आडव्या पट्ट्या लावल्या तर सुगड उचलताच जोड उघडतो.
6. गळ्यासाठी लग्नपत्रिकेची 20 सेंटिमीटर लांब, 2 सेंटिमीटर रुंद पट्टी कापा. टोकं सेंटिमीटरभर एकावर एक चिकटवून कडं करा, भोकावर बसवा आणि आतून-बाहेरून बारीक तुकड्यांनी जखडा. खोक्याचा पन्हाळीचा पुठ्ठा नको, वळवताना तो मोडतो.

एक दिवस वाळू द्या.

टप्पा 7 : खडूचा हात आणि गेरू

वर्गातले खडूचे तुकडे वाटीभर आदल्या दिवशी पाण्यात भिजत घाला. कोरडे कुटू नका, भुकटी नाकातोंडात जाते. पाणी निथळून खडू कुस्करा, त्यात दोन चमचे खळ कालवा आणि फडक्याने पातळ हात द्या. छपाई आणि जोड झाकले गेले की पुरे. जाड हात दिला तर वाळल्यावर तडकून पोपडे निघतात.

दुसऱ्या दिवशी गेरू : 2 चमचे गेरू, 3 चमचे पाणी, 1 चमचा खळ. वाळल्यावर बोट घासून पाहा. बोट लाल झालं तर खळ कमी पडली आहे, चमचाभर खळीच्या पाण्याचा हात वरून फिरवा. नक्षी पांढऱ्या खडूच्या लगद्याने, कापूस गुंडाळलेल्या काडीने काढायची. ठिपके, उसाची पेरं, हरभऱ्याचे घाटे, मुलांना जे सुचेल ते. नक्षी शिक्षकांनी आखून देऊ नये.

*सावधान :* वर्तमानपत्राच्या शाईचा अन्नाशी संबंध येऊ देऊ नका. वर्तमानपत्रात खाद्यपदार्थ बांधू नयेत असं एफएसएसएआय या अन्नसुरक्षेच्या सरकारी संस्थेनेही बजावलं आहे. सुगडात आणि वाटीत आधी केळीचं पान किंवा द्रोण घाला, मग त्यात तिळगूळ, बोरं, गाजराचे तुकडे, उसाच्या गंडेऱ्या. शेजारच्या कन्नड घरी एळ्ळू-बेल्ला (संक्रांतीचं तीळ-गुळाचं मिश्रण) द्यायलाही हीच वाटी चालते, पान घातलेलं असलं म्हणजे झालं. आणि यात पाणी ओतायचं नाही हे मुलांना स्पष्ट सांगा.

टप्पा 8 : कॅलेंडरचे मणी (थर वाळत असताना)

कॅलेंडरच्या पानाचे लांबट त्रिकोण कापा : पाया 2.5 सेंटिमीटर, लांबी 20 सेंटिमीटर. आखणी मोठ्यांनी करावी, दोन बाजू सारख्या नसल्या तर मणी तिरका वळतो.

1. रुंद टोकाकडून रिफिलीवर वळायला सुरुवात करा. पहिले दोन वेढे कोरडे. इथे खळ लागली की मणी रिफिलीवरून निघत नाही.
2. पुढे वळताना टोक मध्यावरच राहतंय ना ते बघत राहा. सरकलं तर उलगडून पुन्हा.
3. शेवटच्या 5 सेंटिमीटरला दाट खळ लावा, वळा आणि वीस आकडे मोजेपर्यंत चिमटीत धरा. मुलं लगेच सोडतात, म्हणून मणी उलगडतात. मोठ्याने मोजायला लावा.
4. रिफिल काढून मणी ताटलीत वाळत ठेवा.

चकचकीत कागदाला पातळ खळ धरत नाही. त्याच दिवशीच्या खळीतली तळाची दाट खळ यासाठी घ्या. तोरणाला 12 मणी लागतात, बाकीचे मुलींच्या माळांना आणि घरच्या बोरन्हाणाच्या कागदी दागिन्यांना. बोरन्हाणाचं बाळ हाती येईल ते तोंडात घालतं, म्हणून त्याच्या अंगावरच्या माळेचा दोरा पक्का हवा आणि कौतुक झालं की माळ लगेच काढायची.

टप्पा 9 : गोंडे

उसवलेली लोकर कुरळी असते, तशीच गुंडाळली तर गोंडा एका बाजूला झुकतो. तिची सैल लड करून कोमट पाण्यात भिजवा आणि खाली हलकं वजन टांगून वाळवा.

पुठ्ठ्याचा 7 सेंटिमीटरचा चौकोन घ्या, एका बाजूने मध्यापर्यंत बोटभर रुंद खाच कापा. बोटांवर लोकर गुंडाळू देऊ नका. मुलं ओढून गुंडाळतात आणि बोटं निळी पडतात.

1. लोकर असेल तर 60 वेढे. मागाचं सूत बारीक असतं, त्याचे पाच धागे एकत्र धरून 40 वेढे.
2. खाचेतून मजबूत दोरा घाला. पहिल्या गाठीला एकाऐवजी दोन वेढे द्या म्हणजे ती आवळताना ढिली पडत नाही. ही गाठ मोठ्यांनी आवळावी. रेशमासारखं गुळगुळीत सूत असेल तर दोऱ्याला आधी खळ चोळा.
3. दुहेरी गाठ झाल्यावरच पुठ्ठा काढा आणि दोन्हीकडचे वेढे कापा.

*तपासणी :* मधले चार धागे चिमटीत धरून ओढा. एकही निघाला तर गाठ सैल आहे, गोंडा गोल कातरण्याआधीच पुन्हा बांधा. कातरून झाल्यावर दुरुस्ती होत नाही.

टप्पा 10 : तोरण

वर्गाच्या 90 सेंटिमीटर रुंद दारासाठी 120 सेंटिमीटर सुतळी पुरते. दोन्ही टोकांना 15 सेंटिमीटर बांधायला सोडा. मधल्या भागात दर 15 सेंटिमीटरवर एक असे 7 गोंडे आणि प्रत्येक दोन गोंड्यांमध्ये 2 मणी. गोंडे नुसते ओवले तर ते मध्यभागी घसरून गोळा होतात, म्हणून प्रत्येक गोंड्याच्या गाठीचा दोरा सुतळीला वेगळा बांधा. सुतळी मण्यातून जात नसेल तर टोकाला खळ लावून पीळ द्या आणि वाळू द्या, टोक सुईसारखं ताठ होतं.

दारावर लावताना खिळा शिक्षकांनी ठोकावा, आणि तोरण उंच मुलाच्याही डोक्याला लागणार नाही इतकं वर.

स्टीलच्या वाट्या सोडवल्या त्या दिवशीच तेल पुसून, घासून नावाप्रमाणे परत करा. पुढच्या वर्षी घरून वाटी मिळायची असेल तर हे चुकवू नका.